साळू की पाखरू

संस्थेत तिला सगळे साळूबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. नाव ठेवलं होतं टंकलेखकाने, आणि त्याच दिवशी समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांचं बारसं त्याने पाखरेबुवा म्हणून उरकून टाकलं. पुढे टंकलेखक निवृत्त झाला, त्याचं यंत्र भंगारात गेलं, पण नावं नोकरीत राहिली.

संस्थेला काम एकच होतं: ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या भाषेचा, म्हणजे जुन्या हिब्रूचा, मोठा कोश करणं. प्रत्येक शब्द ग्रंथात कुठे येतो, कुठल्या अर्थाने येतो, शेजारपाजारच्या भाषांत त्याची सख्खी-चुलत भावंडं कोण, जुन्या भाषांतरकारांनी त्याची काय वाट लावली, हे सगळं कार्डांवर उतरवायचं, कार्डं खणांत लावायची आणि खणातलं यथावकाश खंडात आणायचं. काम साळूबाईच्या जन्माआधी सुरू झालं होतं आणि ती गेल्यावरही चालू राहील, एवढ्या एका मुद्द्यावर संस्थेत एकमत होतं.

साळूबाई शिंप्याची मुलगी. वडील आठवडाभर लोकांच्या पँटी शिवत आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी प्रार्थनाघरात उभं राहून ग्रंथ वाचत. आवाज खणखणीत, सूर पक्का, काना-मात्रा इकडची तिकडे नाही. अर्थाचं विचाराल तर निम्मे शब्द त्यांच्या डोक्यावरून जात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. लहानपणी ती मध्येच विचारायची, "बाबा, हा कुठला प्राणी?" वडील म्हणायचे, "पुढे वाच." तिला काही पुढे जाता आलं नाही. ती शिकली, परीक्षा दिल्या आणि संस्थेत लागली. नोकरीची बातमी ऐकून वडिलांनी मशीन थांबवलं. "म्हणजे तुला पगार वाचायचा नाही," ते म्हणाले, "अडायचा."

नवरा कवळ्या बनवायचा. दंतवैद्य मापं पाठवत, हा घराच्या मागच्या खोलीत बसून दात बसवी. त्याच्या धंद्यात चूक झाली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. बायकोच्या धंद्यात चूक झाली तर दोन हजार वर्षं कोणी फिरकत नाही. हा फरक त्याला लग्नानंतर लवकरच कळला. त्याने तो कधी बोलून दाखवला नाही, पाहुण्यांसमोर सोडून.

आता भांडणाचं. भांडण एका शब्दावरून होतं, आणि तो शब्द किप्पोद. ग्रंथात तो मोजून तीनदा येतो, तिन्ही वेळा उजाड मुलखात. देवाचा कोप होतो, नगर पडतं, माणसं परागंदा होतात, आणि त्या पडक्या जागेत राहायला कोण येतं ते संदेष्टा सांगतो. त्या नव्या भाडेकरूंतला एक हा किप्पोद. साळूबाईचं म्हणणं, ही साळू. मोठं साळिंदर नव्हे, तर काटेरी अंगाचा, भ्याला की स्वतःला गुंडाळून घेणारा लहानसा प्राणी. शेजारच्या दोन भाषांत तोच शब्द त्याच प्राण्याला आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात तोच प्राणी आहे, आणि हिब्रूत त्या धातूचा अर्थच मुळी गुंडाळणं. आणखी काय हवं?

पाखरेबुवांना पुष्कळ हवं होतं. त्यांच्या मते तो पाणथळीतला पक्षी होता. कारण एके ठिकाणी त्याच्या शेजारी पाण्याची डबकी येतात, दुसरीकडे त्याच्या जोडीला पक्ष्यांची नावं येतात, आणि तिसरीकडे तर तो चक्क खांबांच्या माथ्यावर रात्र काढतो.

"खांबावर साळू चढते का हो, बाई?" त्यांनी सुरुवातीला, बोलचाल होती तेव्हा, विचारलं होतं.

"खांब पडलेत, बुवा. नगराचा नाश झालाय. देवाने सगळं पाडलं आणि खांब तेवढे उभे ठेवले, असं कुठे लिहिलंय?"

"सगळंच पाडलं तर त्याला मैदान म्हणतात. पडकं म्हणायला काहीतरी उभं लागतं. देव अर्धवट पाडतो, म्हणून तर माणसाला भीती वाटते."

साळूबाईला हा मुद्दा ईश्वरविषयक म्हणून बरा आणि प्राणिविषयक म्हणून टाकाऊ वाटला, आणि तिने तसं एका निबंधात छापून आणलं. बुवांनी उत्तर छापलं. तिने त्या उत्तरावर उत्तर छापलं. शब्दाने शब्द वाढत गेला, आणि कोशाच्या संस्थेत तर शब्दांची ददात नाहीच. शेवटी अशी वेळ आली की एका खोलीत समोरासमोर बसून दोघं एकमेकांशी फक्त खिडकीबद्दल बोलत. बुवांना ती उघडी लागे. उघडली की बाईची कार्डं उडत. त्याबद्दलचं बोलणंही पुढे 'उघडा' आणि 'लावा' एवढ्यावर आलं.

त्या वेळचे मुख्य संपादक सज्जन होते, म्हणजे निर्णय घेत नसत. "तुम्ही दोघं एकमताने लिहा, मग छापू," असं म्हणून त्यांनी तो शब्द बाजूला ठेवला. त्यामुळे ते अक्षर अडलं, अक्षरामुळे खंड अडला, आणि मुख्य संपादक ते भिजत घोंगडं मागे ठेवून सन्मानाने निवृत्त झाले.

त्यांच्या जागी आल्या त्या संपादकबाई चटपटीत होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दोघांना समोर बसवलं.

"खंड या वर्षी छापायला जाणार. एकमत होतंय का?"

"नाही," दोघं म्हणाले. बऱ्याच काळाने दोघं एक शब्द एकत्र बोलले होते.

"मग मी लिहिते, 'अर्थ अनिश्चित'. आणि पुढे जाऊ."

 साळूबाईने बुवांकडे पाहिलं, बुवांनी तिच्याकडे. आयुष्यभर राबून आपला शत्रू जिंकला, हे माणूस एक वेळ सहन करील. पण दोघांच्या आयुष्यापुढे कोणीतरी 'अनिश्चित' लिहून पूर्णविराम द्यावा, हे कसं सहन व्हावं? दोघांनी पुन्हा एकदम सांगितलं की थोडी मुदत द्या. संपादकबाईंनी दिली.

त्या मुदतीतच बुवांना झटका आला. सकाळी दाढी करताना आरशासमोर कोसळले. उजवा हात गेला, तोंडाची एक बाजू ओघळली आणि वाचा बंद झाली. संस्थेत बातमी आली तेव्हा साळूबाई त्यांचा ताजा मुद्दा खोडून काढत होती. तिने पेन ठेवलं, उठून खिडकी उघडली, आणि कार्डं उडाली तशी ती उचलत बसली.

काही दिवसांनी फोन आला. बुवांची बायको होती, वहिनी. त्यांचं लोकरीचं दुकान होतं. साळूबाईने त्यांना आयुष्यात फार तर दोन-चारदा पाहिलं असेल.

"बाई, तुम्ही इस्पितळात येऊ शकाल का? ते बोलायला लागलेत. पण काय बोलतात ते कळत नाही. प्रार्थनेतल्यासारखं आहे काहीतरी."

"संस्थेतलं दुसरं कोणी आलं तर नाही का चालणार, वहिनी? आमचं तसं..."

"मला दुसऱ्या कोणाचं नावच माहीत नाही हो. घरी ते तुमच्याबद्दलच बोलायचे."

कशा प्रकारे बोलायचे हे साळूबाईने विचारलं नाही. ती गेली.

चार खाटांची खोली, खिडकीपाशी बुवा. डोळे टक्क उघडे. साळूबाई दिसताच त्यांनी डोळे मिटले, यावरून माणसं ओळखू येतात एवढं नक्की झालं. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, नवं वाक्य जुळवायची मेंदूतली जागा दुखावलीय. पण लहानपणी तोंडपाठ केलेलं, सुरात म्हटलेलं दुसरीकडे साठवलेलं असतं, ते कधीकधी शाबूत राहतं. गाणी म्हणणारे रुग्ण त्यांनी पाहिले होते. "हे काय म्हणतात ते मात्र आम्हाला कळत नाही. गाणं नाही वाटत."

गाणं नव्हतंच. बुवांच्या वडिलांनी त्यांच्याकडून अख्खा ग्रंथ सुरासकट पाठ करून घेतला होता, आणि आता त्या माणसाजवळ बोलायला तेवढंच उरलं होतं. स्वतःचा एक शब्द नाही. सगळे शब्द ग्रंथातले.

साळूबाई स्टुलावर बसली. बुवांनी डोळे उघडले, घसा साफ केला आणि एक ओळ म्हटली. तोंड वाकडं, पण उच्चार लखलखीत. त्यांच्या घराण्यात 'क' दोन प्रकारचे होते. एक साधा, दुसरा घशाच्या तळातून काढलेला. साळूबाईच्या लोकांत दोन्ही केव्हाच एक होऊन गेले होते, आणि बुवांचा तो खोल क तिला आजवर मिरवण्याचा प्रकार वाटत आला होता. आता एका बाजूचा ओठ हलत नसताना तो जिथल्या तिथे उमटला.

"काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"हरिणी ओढ्यासाठी धापा टाकते, त्याबद्दल आहे. स्तोत्र आहे." मग तिच्या लक्षात आलं. "पाणी द्या त्यांना."

वहिनींनी चमच्याने पाणी पाजलं. बुवा सगळं प्यायले आणि उशीवर मागे झाले. वहिनी साळूबाईकडे अशा बघायला लागल्या, जसं काही त्या पाण्याचा शोध तिनेच लावला.

तेव्हापासून साळूबाई संस्थेतून सुटली की इस्पितळात जाऊ लागली. काम अवघड नव्हतं. तिने जन्मभर तेच केलं होतं. ओळ कुठली, तिच्या आधी काय, नंतर काय, बोलणारा कोण, कुठल्या अवस्थेत, आणि त्याला म्हणायचंय काय. बुवांनी, एक माणूस राखेत बसून खापराने अंग खाजवतो ती ओळ म्हटली, की पाठ खाजते आहे. उन्हाने डोकं तापून मरण मागणाऱ्या संदेष्ट्याची म्हटली, की पडदा ओढा. वाळवंटातली माणसं रोज तेच ते अन्न समोर येतं म्हणून कुरकुरतात ती ओळ दर दुपारी, इस्पितळाची लापशी आली की. परिचारिकेलासुद्धा ती पाठ झाली. ती ताट ठेवताना आपणच म्हणायची, आणि बुवा तिचे उच्चार ऐकून मान फिरवायचे.

सगळंच सरळ होतं असं नाही. एकदा त्यांनी खिडक्यांत आवाज गातो आणि उंबऱ्यावर उजाडपण बसतं, ती ओळ काढली. ही ओळ त्यांच्या खांबांवरच्या किप्पोदाला लागूनच येते. साळूबाईला समजेना की खिडकी लावायची आहे की वाद उकरायचा आहे. तिने खिडकी लावली. बुवांनी ओळ पुन्हा म्हटली. तिने खिडकी उघडली. पुन्हा तीच ओळ.

"बुवा, तुम्ही आजारी आहात. बरे व्हा, मग बघू," ती म्हणाली. बुवा समाधानाने झोपले.

एकदा संस्थेतली माणसं फुलं घेऊन आली. खाटेभोवती उभी राहून, 'हिंमत धरा', 'हेही दिवस जातील' असं ज्याला जे सुचलं ते म्हणाली. बुवांनी सगळ्यांवरून नजर फिरवून एक छोटं वाक्य म्हटलं. संस्थेच्या कोशविभागात हिब्रू येत नाही असं कोणी नव्हतं. पण आलेले सगळे हिशेब आणि छपाई विभागातले निघाले.

"काय म्हणाले?" संपादकबाईंनी पाठवलेल्या हिशेबनिसाने विचारलं.

बुवा म्हणाले होते की तुम्ही सगळे सांत्वन करणारे म्हणजे शुद्ध ताप आहात. साळूबाईने आयुष्यात एकाही शब्दाचा अर्थ जाणूनबुजून चुकीचा सांगितला नव्हता.

"आभार मानतायत," ती म्हणाली.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ; वहिनी दुकानात गेल्या होत्या, बाजूच्या खाटा रिकाम्या होत्या. बुवा बराच वेळ छताकडे पाहत पडले होते. मग हळू, नेहमीच्या सुरापेक्षाही हळू, त्यांनी एक ओळ म्हटली. मरणाच्या दारात पडलेल्या एका राजाची ती प्रार्थना. विणकर माग आवरतो तसं मी माझं आयुष्य गुंडाळलं, असं तो राजा म्हणतो.

साळूबाईच्या अंगावर काटा आला. आणि तो काटा कशाने आला हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. कारण 'गुंडाळलं' हा शब्द त्याच धातूचा. किप्पोदचा. तिचा सगळ्यात भक्कम पुरावा, जो बुवांनी आजवर 'ओढूनताणून आणलेला' म्हणून झटकून टाकला होता. हा माणूस आता मी चाललो म्हणतोय, की तुमचं खरं होतं म्हणतोय? दोन्ही अर्थ बसत होते. आजूबाजूच्या ओळींनी काही मदत केली नाही.

 ती स्टूल पुढे ओढून म्हणाली, "तो राजा बरा झाला, बुवा. चांगला जगला पुढे. तुम्ही मध्येच थांबलात."

बुवांनी मान खिडकीकडे फिरवली.

"पुढचं म्हणा."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग अडखळत पुढची ओळ म्हटली, तिच्या पुढची, आणि राजा बरा होऊन गायला लागतो तिथपर्यंत आले. घामाघूम झाले होते. साळूबाईने त्यांचं कपाळ पुसलं, आणि तिला राहवेना म्हणून म्हणाली, "आणि धातू माझ्या बाजूचा आहे, हे आत्ता तुमच्याच तोंडून निघालंय." बुवांनी चांगल्या हाताने तिला जायची खूण केली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका कवळीला कानस मारत होता.

"आजारी माणसाला असं बोलतात का?" तो म्हणाला.

"नाही बोलत."

"मग?"

"मग काय. बोलले."

त्याने फुंकर मारून भुकटी उडवली. "त्यांनी खूण केली म्हणजे हात उचलला. त्या हातात जोर आहे अजून. हे चांगलं झालं," तो म्हणाला. तेवढंच त्याला त्या प्रकरणात कळण्यासारखं होतं, आणि ते त्याला कळलं.

बुवांना घरी सोडलं. उजवा पाय ओढत चालू लागले, पण वाचा तशीच. स्पीच थेरपिस्ट बाई येत, चित्रं दाखवत: कप, किल्ली, घड्याळ. बुवा चित्रांकडे तुच्छतेने पाहत आणि ग्रंथात कप जिथे जिथे येतो त्या ओळी म्हणत. किल्लीलाही थोडंफार निघालं. घड्याळापाशी गाडं अडलं.

इकडे संपादकबाईंनी साळूबाईला बोलावलं. "वाईट वाटतं बोलायला, पण आता एकच मत उरलंय. तुम्ही नोंद लिहा."

ती टेबलाशी बसली. समोरची खुर्ची रिकामी, खिडकी बंद, कार्डं गपगार. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो हा दिवस, आणि तिला त्यात काही राम वाटेना. एकदा मनात आलं की लिहावं, 'साळू, किंवा कदाचित पक्षी'. बिचाऱ्याला बरं वाटेल. मग तिचा तिलाच राग आला. एखादा माणूस आजारी पडला म्हणून जनावराला पंख फुटतात का? तिने बुवांचे सगळे मुद्दे घेतले, डबकी, जोडीचे पक्षी, खांबांचे माथे, एकही कमी न करता, आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. शेवटी लिहिलं: साळू. पूर्णविराम.

पण ती नोंद संपादकबाईंच्या टेबलावर जाण्याआधी बुवांनी ऐकली पाहिजे, एवढं तिला वाटलं. पाठीमागून वार नको.

वहिनींनी दार उघडलं. बुवा आरामखुर्चीत, मांडीवर लोकरीची शाल. साळूबाईने पर्समधून कागद काढला. "नोंद लिहिलीय. ऐका," म्हणाली, आणि सुरुवात केली.

धातूपर्यंत बुवा स्वस्थ होते. शेजारच्या भाषा आल्या तेव्हा चांगला हात खुर्चीच्या हातावर आपटायला लागले. डबक्यांचा मुद्दा ती 'गौण' म्हणाली, तिथे त्यांचा चेहरा लाल झाला. वहिनी घाबरून उठल्या.

"बाई, पुरे. रक्तदाब आहे त्यांना."

पण साळूबाई वाचत राहिली. खांबांचे माथे आले. "नगर जमीनदोस्त झाल्याने," तिने वाचलं, "माथे जमिनीवर आहेत हे उघड आहे."

"चू," बुवा म्हणाले.

दोघी थांबल्या. बुवांची हनुवटी थरथरत होती. डोळे मोठे झाले होते, जसं घशात काही अडकावं आणि ते वर यावं.

"चूक," बुवा म्हणाले.

हा शब्द ग्रंथातला नव्हता. कुठल्या ओळीतला नव्हता, कोणी पाठ करून घेतलेला नव्हता. साध्या घरच्या भाषेतला, त्यांचा स्वतःचा, त्या वेळी त्या वाक्याला लागू पडणारा शब्द. वहिनी खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. साळूबाईला आनंद झाला, आणि त्याच वेळी तिला अपमानही वाटला, कारण ते वाक्य चूक नव्हतं.

"काय चूक?" ती म्हणाली.

"चूक," बुवा जोरात म्हणाले. "उघड... नाही. चूक."

"उघड नाही? बरं. 'उघड' काढते. 'संभाव्य' घालते."

बुवांनी विचार केला आणि मान हलवली. सौदा पटला.

स्पीच थेरपिस्टने ऐकलं तेव्हा तिने चित्रं पिशवीत भरली. "आठवड्यातून दोनदा येत चला," ती साळूबाईला म्हणाली, "आणि त्यांना चिडवत चला. पण बेताने." साळूबाईने सांगितलं की दुसरी पद्धत तिला येतच नाही.

अशा रीतीने बुवा बोलायला लागले. पण शब्द परत आले ते ज्या क्रमाने भांडणात लागतात त्या क्रमाने. 'चूक'च्या मागून 'पुरावा' आला, मग 'कुठे', मग 'हास्यास्पद'. वहिनी साळूबाईला दाराशी गाठून म्हणायच्या, "कालपासून 'व्युत्पत्ती' म्हणायला लागलेत. पण मीठ हवंय हे काही सांगता येत नाही. मिठावरून भांडता का एकदा?" साळूबाईने प्रयत्न केला. ग्रंथात मिठाचा खांब झालेल्या बाईचा विषय काढला, आणि दुपारभरात 'मीठ' आलं.

खंड छापून झाला. नोंद साळूबाईची, 'संभाव्य' बुवांचं. मग बुवांनी जाहीर केलं की त्यांना उत्तर छापायचं आहे. लिहिता येत नव्हतं, म्हणून सांगायचं ठरलं. आणि लिहून घ्यायला तसल्या विषयातलं दुसरं कोण मिळणार? साळूबाई स्वतःच्या विरुद्धचा निबंध बुवांच्या खुर्चीशेजारी बसून लिहून घेऊ लागली. बुवा वाक्य सुरू करत, मध्ये अडत, शब्द शोधत. ती वाट पाही. अधूनमधून, ते अगदीच रुतले की ती शब्द सुचवी. एकदा तिने सुचवलेला शब्द त्यांच्या मनात होता त्यापेक्षा धारदार निघाला. बुवा तिच्याकडे पाहत राहिले.

"हा नको?" तिने विचारलं.

"हवा," बुवा म्हणाले. "पण... तुमच्या... विरुद्ध."

"माहीत आहे. लिहिलाय."

निबंध छापून आला. त्यावर कुठूनही उत्तर आलं नाही, तेव्हा तिनेच दिलं.

पुढे ती निवृत्त झाली. कोश पुढच्या अक्षरावर गेला, नवी माणसं आली, त्यांच्यात नवी भांडणं लागली असतील. तिचं बुवांकडे जाणं सुरूच राहिलं. नवराही कधी बरोबर येई. तो आणि वहिनी स्वयंपाकघरात बसून दात आणि लोकर यांवर बोलत, आणि बाहेरच्या खोलीतला आवाज फार चढला तर वहिनी दार लोटून घेत.

एका दुपारी विचित्र प्रकार झाला. पुढच्या अक्षरातला एक शब्द निघाला, एका झुडपाचं नाव, आणि बोलता बोलता दोघांच्या ध्यानात आलं की दोघांचं मत एकच आहे. दोघं ओशाळले. बोलायला काही उरलंच नाही. चहा आला, चहा संपला. दुसऱ्या खेपेलाही तेच. थेरपिस्टने सांगितलं की बुवांची प्रगती थांबली आहे, नवीन शब्द येत नाहीत. तेव्हा तिसऱ्या खेपेला साळूबाईने मन घट्ट केलं आणि म्हणाली की नीट विचार केल्यावर तिला ते झुडूप नसून गवत वाटतं.

बुवांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"खोटं," ते म्हणाले. मग शब्द शोधत, एकेक करून, "मला... बरं वाटावं... म्हणून... खोटं."

साळूबाईने मान खाली घातली. "झुडूपच आहे," ती म्हणाली.

"झुडूपच," बुवा म्हणाले.

नंतर ते काही बोलले नाहीत. ती पण बोलली नाही. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. वहिनींनी आतून डोकावून पाहिलं, दोघं गप्प बसलेली पाहून त्यांना वाटलं भांडण झालं, आणि त्या निश्चिंतपणे पुन्हा आत गेल्या.